चादरीचं दुसरं टोक

“इथले मालक कोण?”

दारातून हा प्रश्न आला तेव्हा माझ्या हातात एका मोठ्या चादरीची दोन टोकं होती, आणि समोरची दोन धरणारी बाई नेमकी साबण आणायला आत गेली होती. वाफेमुळे मला एक उंच आकृती तेवढी दिसली… खांद्यावर पिशवी, केसांवर पावसाचे बारीक थेंब.

“मी,” मी म्हणाले.

“बरं झालं. मला तुमच्याशी जरा—”

“शिवाय ती टबाजवळची. ती बटणं लावतेय, ती. आणि तिकडे खोकतेय ना, ती माझी आत्या, तीसुद्धा.”

तो गोंधळून एकेकीकडे बघत राहिला. मला गोंधळणारी माणसं आवडतात. निदान ती समोरच्याचं ऐकत तरी असतात.

“एवढे मालक?”

“सगळ्याच. नोकर शोधत असाल तर एकही मिळायचा नाही. धरा.”

“काय धरू?”

“टोक.”

आमच्या धुलाईघराचा रिवाजच आहे तसा. आत आलेल्या माणसानं नुसतं उभं राहायचं नाही, हाताला येईल ते धरायचं. त्यानं पिशवी खाली ठेवली, टोकं धरली, आणि मी ताण दिल्यावर भलत्याच बाजूला वळला. चादरीला पीळ पडला. “उजवीकडे,” मी म्हणाले. तो डावीकडे वळला. शेवटी कसंबसं जमलं, आम्ही एकमेकांकडे चालत आलो, त्यानं आपली टोकं माझ्या हातात दिली आणि… बोटांना बोटं लागली. त्याची गार होती, माझी इस्त्रीनं तापलेली. धुतल्या कापडाच्या त्या वासात मी क्षणभर हवेतच होते.

“मी नगरपालिकेतून आलोय,” तो हळूच म्हणाला. “तुमच्या जागेची चौकशी करायला.”

झालं. माझं विमान खाली उतरलं.

आमची जागा म्हणजे जुनं सार्वजनिक स्नानगृह. उंच खिडक्या, निळ्या फरशा, दुपारी सगळीकडे दुधट उजेड. कित्येक वर्षं ते कुलूप लागून पडलं होतं. आम्ही तेव्हा एका कंपनीसाठी कपडे धुवायचो. गिऱ्हाईक फोनवरून ऑर्डर द्यायचं, कंपनी पैसे घ्यायची, आणि आमच्या वाट्याचं दिवसेंदिवस आक्रसत जायचं. शेवटी आत्यानं सगळ्यांना गोळा केलं. थोडं थोडं घालून यंत्रं घेतली, नगरपालिकेकडून ही जागा भाड्यानं मिळवली. इथं नफा सगळ्यांचा, तोटा सगळ्यांचा, आणि ठरवताना प्रत्येकीला एकच मत — आत्यालाही. आता करार संपत आला होता, आणि तीच कंपनी दुप्पट भाडं देऊन जागा मागत होती. जागा गेली असती तर आम्ही पुन्हा तिच्याच दारात उभ्या राहिलो असतो.

तो वरचेवर येऊ लागला. चौकशी काही संपेना. बायकांनी त्याचं नाव चौकशीसाहेब ठेवलं, आणि तो आला की माझ्या समोरची बाई हटकून कुठंतरी जायची.

“एक विचारू, मालकीणबाई?” चादर ताणत तो म्हणाला.

“विचारण्याचाच पगार घेता ना?”

“कंपनी जास्त भाडं देतेय. ते पैसे शहराच्याच कामी येतील. मग तुम्हाला कमी भाड्यात का द्यायचं?”

“कारण आमची कमाई याच गल्ल्यांत खर्च होते. भाजीवालीकडे, शिंप्याकडे. कंपनीची कुठं जाते ते तुम्ही शोधा… चौकशी करा.”

तो हसला. हसताना तो आधी खाली बघायचा, मग वर. हे माझ्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं, पण आलं होतं.

“तुमचंही चुकतंय,” तो म्हणाला. “नगरपालिकेच्या दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम निघतं. तुम्ही कधी मागितलंच नाही.”

“ढीगभर असतं ते. आम्हाला झेपायचं नाही.”

“मग थोडं थोडं वेगळं काढून द्या म्हणा. शहराला ते करता येतं. पण मागितल्याशिवाय कसं कळणार?”

मला राग आला. त्याचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला. “मागितल्याशिवाय काहीच कळत नाही का तुम्हाला?”

त्यानं टोकं माझ्या हातात दिली, पण सोडली मात्र नाहीत. “कळतं… मागायचं कसं, तेच कळत नाही.”

तिकडून आत्या खोकली. माझी आत्या खोकला नसतानाही खोकते.

एकदा माझ्या आतेबहिणीला सभासद करून घ्यायचं होतं. बैठक सुरू झाली तशी आत्या आणि मी उठून मागच्या अंगणात आलो. तो तिथंच होता, वाळत घातलेल्या चादरींमध्ये.

“तुम्ही मालक ना? मग बाहेर कशा?”

“आपल्या माणसाचा विषय निघाला की आपण बाहेर थांबायचं. आत बसलो तर बाकीच्यांना मोकळं बोलता येत नाही.”

“पण तुमचं मत वाया जातं.”

“जातं.”

“वाईट नाही वाटत?”

“वाटतं ना. आपलं माणूस असतं ते.”

वाऱ्यानं आमच्यामध्ये एक चादर आली. पलीकडे त्याची सावली तेवढी दिसत होती. ती हलली नाही… मीही हलले नाही. मला तो आवडत होता, आणि हे आता स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता.

निर्णयाच्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात मी आमच्या बाजूनं बोलायला उभी राहिले. आत्या माझ्या मागे. समोर समिती, आणि समितीत तो; चौकशी करणाऱ्यालाही तिथं एक मत होतं. त्याचं मत आपलंच, असं आम्ही धरून चाललो होतो. अध्यक्षबाईंनी मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, “अर्जदारांशी कुणाचा काही संबंध?”

“माझा आहे,” तो म्हणाला.

“नातं आहे?”

“नाही…” त्यानं आधी खाली पाहिलं, मग थेट माझ्याकडे. “व्हावं अशी इच्छा आहे. त्यांना अजून विचारलेलं नाही. पण मी आत बसणं बरोबर नाही.”

आणि तो उठून बाहेर गेला. कुणीतरी हसलं. माझे कान तापले. आत्या या खेपेला खोकली नाही.

“मग यांचा अहवालही बाजूला ठेवावा लागेल,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुम्हीच सांगा. जागा तुम्हाला का द्यावी?”

पाठ केलेलं सगळं मी विसरले. “कंपनीत असताना माझा हात भाजला,” मी म्हणाले. “दुसऱ्याच दिवशी माझं काम दुसरीला दिलं. आमच्या धुलाईघरात भाजला, तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं आणि माझा वाटा चालू ठेवला. मी मालक आहे म्हणजे एवढंच, बाई… मला न विचारता मला कुणी काढू शकत नाही. दान नका देऊ. जागा द्या, आणि दवाखान्याच्या चादरींचं काम आमच्यासारख्यांना झेपेल एवढं वेगळं काढा. आम्ही मागतोय.”

बोलून झाल्यावर मी बाहेर आले. तो बाकावर बसला होता. मी तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“आमचं एक मत घालवलंत.”

“हो.”

“जागा गेली तर?”

“तर आयुष्यभर ऐकून घेईन.”

“आयुष्यभर ऐकवायला कोण बसलंय?”

“तेच तर…” तो म्हणाला. “मागतोय.”

मी काही बोलायच्या आत दार उघडलं आणि आत्या बाहेर आली. तिचे डोळे ओले होते.

“मतं सारखी पडली. मग अध्यक्षबाईंनी स्वतःचं मत आपल्याला दिलं. भाडं थोडं वाढलंय, पण जागा राहिली. चादरींचंही बघते म्हणाल्या.” मग ती त्याच्याकडे वळली. “आणि आमची फाईल तुमच्याकडून काढून घेतलीय.”

“बरं झालं,” तो म्हणाला. मी भिंतीला टेकले आणि चक्क रडले.

“म्हणजे चौकशी संपली,” जाताना तो हळूच म्हणाला. “आता कुठल्या निमित्तानं येऊ?”

“ते बैठकीत ठरेल,” आत्या म्हणाली.

आणि तिनं खरंच बैठक बोलावली. त्यालाही निरोप धाडला, आणि मागच्या अंगणात थांबायला सांगितलं. “आज विषय एकच,” ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. “चौकशीसाहेबांना काही काम नसताना इथं येऊ द्यायचं का? कुणाचा काही संबंध असेल तर तिनं बाहेर थांबावं.”

सगळ्या जणी एकदम छताकडे बघायला लागल्या. मी इस्त्री उभी ठेवली. आणि चालत बाहेर गेले.

अंगणात पाऊस भुरभुरायला लागला होता. तो घाईघाईनं चादरी काढत होता. मला पाहून थांबला.

“तू बाहेर कशी?” पहिल्यांदाच तो मला तू म्हणाला.

“धर,” मी म्हणाले.

त्यानं टोकं धरली. या वेळी तो बरोबर बाजूला वळला. आम्ही एकमेकांकडे चालत आलो, बोटांना बोटं लागली, आणि टोकं ना त्यानं सोडली ना मी. आत हात वर होत होते. किती, ते आम्ही पाहिलं नाही. आत्या खोकत होती. कुठल्याही मालकिणीला शोभणार नाही असं काम मी त्या दिवशी केलं… धुतलेली चादर भिजू दिली.