‘कोरडी टाकी’ची उरलेली फीत

दातांच्या डॉक्टर आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी टेबलावर एक चपटं पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं.

“यात माझी आई होती,” त्या म्हणाल्या. “आता नाहीये.”

आवाजात रडू नव्हतं. दाढ काढायची आहे हे जसं त्या पेशंटला सांगत असतील, तसंच त्यांनी हे सांगितलं.

वहिनींनी खोकं जवळ ओढलं. बावीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि बुडवलेल्या मोटारी तपासून झाल्यावर त्यांनी स्वतःचं तपासणीचं कार्यालय उघडलं होतं. मदतीला धाकटा दीर. तो वहिनी म्हणायचा म्हणून अशील, पोलीस आणि खालचा झेरॉक्सवालासुद्धा त्यांना वहिनीच म्हणायचे, आणि त्याच न्यायाने दिराला सगळे भाऊजी म्हणत.

भाऊजींनी झाकणावरची अक्षरं वाचली. “कोरडी टाकी. उरलेले.” मग ते उठूनच उभे राहिले. “म्हणजे तुम्ही टाकीवाल्यांच्या कोण?”

“मुलगी.”

“वहिनी, अहो, तो ड्रमचा आवाज! स्टुडिओच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उपसून कोरडी केली आणि ड्रमवाल्याला आत उतरवला. पाच दिवस. गाणी बँडची असतील, पण तो आवाज टाकीवाल्यांचा. निर्माता असावा तर असा. माझ्या तबकडीवर तिसऱ्या गाण्यात एक चरा होता. अजूनही ते गाणं कुठेही लागलं की त्या जागी मी अडखळायला तयार होतो.”

“बरं. आता यांना बोलू द्या.”

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. बेचाळीस वर्षांपूर्वी अल्बम निघाला आणि त्याच वर्षी आई गेली. त्या तेव्हा दोन वर्षांच्या. शेवटच्या गाण्यात मागे आठ जण गातात, त्यांत आई आहे. पण त्या घोळक्यात तिचा आवाज वेगळा सापडत नाही, त्यांनी हजारदा शोधला. या फितीवर मात्र गाणं सुरू व्हायच्या आधी ती एकटी बोलते. अर्धं मिनिट, जेमतेम.

“कसा आहे आवाज?” वहिनींनी विचारलं.

“पातळ. गोड. बाबा दर वाढदिवसाला ऐकवायचे. जगात तिचा आवाज तेवढाच आहे.”

“कॉपी नाही काढली?”

“बाबा काढू द्यायचे नाहीत. कॉपी झाली की मूळ कोणी जपत नाही, म्हणायचे.”

टाकीवाले महिन्यापूर्वी गेले. आता रेकॉर्ड कंपनी अल्बम नव्याने काढणार होती, उरलेल्या तुकड्यांसकट. सोमवारी त्यांचा तंत्रज्ञ फिती न्यायला येणार. देण्याआधी एकदा ऐकावी म्हणून डॉक्टरांनी गुरुवारी ही लावली, तर नुसती सरसर. मिनिटभरातच त्यांनी ती थांबवली आणि हाताने मागे घेतली.

“तुम्हाला चोर हवाय की आवाज?”

“आवाज. चोराला घेऊन मी काय करू?”

वहिनींनी चक्र बाहेर काढलं. तपकिरी फीत, दोन्ही बाजूंनी तपकिरी. गुंडाळी इतकी सपाट की कडेवरून बोट फिरवलं तर एकही पदर लागत नव्हता. त्यांनी दोनदा बोट फिरवलं आणि चक्र परत ठेवलं.

शनिवारी सकाळी तिघं टाकीवाल्यांच्या स्टुडिओत गेली. फितींच्या खोलीत भिंतभर लोखंडी मांडण्या होत्या, आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला. कुलूप म्हणजे नुसती शोभा. दोन आठवड्यांपूर्वी शोकसभा इथेच झाली होती आणि या खोलीत तीन माणसं जाऊन आली होती. जुन्या तबकड्यांचा दुकानदार, बँडचा गिटारवाला आणि स्टुडिओचा म्हातारा रेकॉर्डिस्ट.

‘कोरडी टाकी’ची चौदा खोकी होती. वहिनींनी चौदाही उघडली. मग त्या पुढच्या वर्षांच्या खोक्यांकडे वळल्या आणि एकेक उघडून बंद करत गेल्या.

“या सगळ्या तपकिरी,” भाऊजी म्हणाले, “आणि इथून पुढे एका बाजूने काळ्या. हे काय?”

“नवीन प्रकार आला असेल.” वहिनींनी पहिल्या काळ्या फितीच्या खोक्यावरची तारीख वाचली. अल्बमनंतर चार वर्षांची.

डॉक्टर तिथूनच दवाखान्यात गेल्या. दुकानदार त्याच्या दुकानात हातमोजे घालून तबकड्या पुसत होता. त्याने आधी पंधरा मिनिटं ‘कोरडी टाकी’ची पहिली आवृत्ती आणि दुसरी आवृत्ती यांतला फरक सांगितला. भाऊजी माना डोलावत होते.

“फीत मिळावी असं वाटत होतं ना तुम्हाला?” वहिनींनी विचारलं.

“कोणाला वाटणार नाही? पण मला मशीनला हातसुद्धा लावू देत नाहीत हो. शोकसभेच्या दिवशी एक फीत लावली आणि भरभर मागे घेतली, तर रेकॉर्डिस्टने हातावर चापट मारली. भर शोकसभेत. म्हणे भरभर गुंडाळलेली फीत खोक्यात जात नाही, पदर वरखाली होतात.”

गिटारवाला आता घरी शिकवण्या घ्यायचा. बोटं संधिवाताने वाकली होती. शिकवणी संपेपर्यंत दोघांना व्हरांड्यात बसावं लागलं.

“उरलेल्या तुकड्यांत तुमच्या चुका आहेत म्हणे,” वहिनी म्हणाल्या.

“अकरा. बारावी वेळ जमली, ती लोकांना पाठ आहे. ऐकू दे की जगाला. या वयात कसली लाज?” तो हसला. “टाकीवाल्याने अकरा वेळा एकच वाक्य म्हटलं, ‘छान, आता खरं वाजव.’ माणूस गेला आणि मला काही वाटलंच नाही बघा. अजून वाटत नाही.”

“त्यांच्या पत्नी आठवतात?”

“तर. काय दणदणीत बाई. आम्ही तिला भोंगा म्हणायचो. शेवटच्या गाण्यात खालचा सूर तीच धरायची, आम्हा बाप्यांच्याही खाली.” मग त्याला रेकॉर्डिस्ट आठवला. “आणि तो. रेकॉर्डिंग संपलं की आम्ही घरी जायला उतावीळ झालेलो, आणि हा फीत वाजवायच्या गतीनेच शेवटपर्यंत चालवत बसणार. अर्धा अर्धा तास. मग खोक्यात. कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही.”

संध्याकाळी भाऊजींनी रेकॉर्डिस्टकडे वेळ ठरवायला फोन केला. दहा मिनिटांनी त्यांनी फोन ठेवला.

“त्यांची बायको होती. गुडघे, यांचा रक्तदाब, गळका नळ, सगळं कळलं मला. पण आवाज काय गोड आहे हो म्हातारीचा.”

वहिनींनी वर पाहिलं.

रविवारी सकाळी डॉक्टर गाडी चालवत होत्या. वहिनींनी सहज विचारलं, “लहानपणी ऐकताना तुम्ही कुठे बसायच्या?”

“मशीनसमोर, स्टुलावर. पाय पोचायचे नाहीत. फीत फिरायची ती बघत बसायचे. फळ्यासारखी काळी. मला तिच्यावर खडूने लिहावंसं वाटायचं. पुढे पुढे बाबा काचेपलीकडून लावायचे आणि मी डोळे मिटून ऐकायचे.”

रेकॉर्डिस्टच्या घरी सगळं जागच्या जागी होतं, चपलासुद्धा ओळीत. त्याने डॉक्टरांच्या डोक्यावरून हात फिरवला. काकू, म्हणजे त्याची बायको, चहा घेऊन आल्या.

“कशा आहात काकू?” डॉक्टरांनी विचारलं.

काकूंनी गळ्याला हात लावला, मान हलवली आणि आत गेल्या.

“घसा बसलाय तिचा,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. मग घाईने, “जुनी फीत, बाळ. उडाला असेल आवाज. मनाला लावून घेऊ नकोस. तो कंपनीचा माणूस फिती हातात घेऊन बघणार आहे, की नुसत्या मशीनवर लावणार?”

“बघेलच ना,” डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आल्यावर भाऊजी पुटपुटले, “काल तर पोपटासारख्या बोलत होत्या.”

“डॉक्टर,” वहिनींनी विचारलं, “काकूंशी तुमचं बोलणं कितीसं झालंय?”

“फारसं नाहीच. माझ्या लग्नातसुद्धा कोपऱ्यात बसून होत्या. अबोल आहेत.”

वहिनी गाडीच्या दाराशी थांबल्या. “मला कळलंय. पण तुम्हाला हवा होता आवाज, आणि मी देणार आहे ते वेगळंच आहे. नको असेल तर इथूनच घरी जा. मी वाईट वाटून घेणार नाही.”

डॉक्टरांनी थोडा वेळ किल्लीकडे पाहिलं. “सांगा,” त्या म्हणाल्या.

दुपारी वहिनी, भाऊजी, डॉक्टर आणि रेकॉर्डिस्ट स्टुडिओत जमले. वहिनींनी निरोपात काकूंनाही यायला सांगितलं होतं. काकू दाराजवळच्या खुर्चीत पदर घट्ट धरून बसल्या. भाऊजींना त्यांची तबकडी घेऊन यायला सांगितलं होतं, ती त्यांनी छातीशी धरली होती.

“फीत पुसलेली नाही,” वहिनींनी सुरुवात केली. “बदललेली आहे. डॉक्टरांनी लहानपणी पाहिलेली फीत काळी होती. खोक्यातली तपकिरी आहे. कोणीतरी काळी नेली आणि जुनी कोरी तपकिरी ठेवली.”

“दुकानदार,” भाऊजी म्हणाले.

“भाऊजी, कोऱ्या फितीची गुंडाळी बघा. एक पदर वर नाही. म्हणजे रिकामी फीत कोणीतरी वाजवायच्या गतीने शेवटपर्यंत चालवली. अर्धा तास, काहीही ऐकू येत नसताना. चोराला एवढी सवड कशाला असेल? दुकानदाराला भरभर गुंडाळायची सवय. गिटारवाल्याला वाट बघण्याचाच कंटाळा. हे एकाच माणसाचं काम आहे. चोरी करतानासुद्धा त्याला फीत वेडीवाकडी खोक्यात घालवली नाही.”

रेकॉर्डिस्टने हातांकडे पाहिलं.

“पण का?” डॉक्टर म्हणाल्या. “काका, तुम्ही?”

“सोमवारच्या माणसामुळे,” वहिनी म्हणाल्या. “या अल्बमच्या सगळ्या फिती तपकिरी. काळी फीत या स्टुडिओत आली ती चार वर्षांनी. जाणकार माणूस ती हातात घेताच म्हणाला असता, ही त्या वेळची नाहीच. तुमच्या आईंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.”

भाऊजींना कळायला वेळ लागला आणि कळल्यावर त्यांनी मान खाली घातली.

“मग ती कोण बोलते?” डॉक्टरांनी विचारलं.

“तुमची आई खालच्या सुरात गायची, पुरुषांच्याही खाली. गिटारवाला सांगतो, तिला भोंगा म्हणत. फितीवरचा आवाज पातळ आणि गोड आहे. भाऊजींनी काल फोनवर तसाच आवाज दहा मिनिटं ऐकला. आज त्याच बाई तुमच्यासमोर बोलल्या नाहीत. तुमच्यासमोर त्या कधीच बोलल्या नाहीत.”

काकूंनी डोळे मिटले.

“चूक माझी,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “तेव्हा फिती मिळायच्या नाहीत. जुन्यावरच पुन्हा रेकॉर्ड करायचो. नाव लिहायचो फक्त झाकणावर, आणि दोन झाकणं अदलाबदल झाली. तुझ्या आईवर मी साबणाची जाहिरात रेकॉर्ड केली, बाळ. दुसऱ्याच दिवशी तुला ताप भरला. सहा वर्षांची होतीस. आई ऐकायचीय म्हणून हट्ट धरलास. तुझे बाबा मला रागावलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, तुझी बायको बोलेल का? ते शब्द आम्हा दोघांना पाठ होते. एकदाच लावू म्हणाले. मग तू पुन्हा मागितलंस.”

त्याने पिशवीतून काळी फीत काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलली नाही.

“मला काहीच वाटत नाहीये,” त्या म्हणाल्या. “काहीतरी वाटायला हवं ना?”

“ते घाईचं काम नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण तुम्ही आवाज मागितला होता. तुम्ही तो आठ जणांत हजारदा शोधलात, पण पातळ आवाज शोधलात. भाऊजी, शेवटचं गाणं लावा. आणि डॉक्टर, सगळ्यांत खालचा आवाज ऐका.”

भाऊजींनी सुई ठेवली. “तो? तो मी इतकी वर्षं ड्रमवाल्याचा समजत होतो,” ते हळूच म्हणाले.

आठ जण गायला लागले. सर्वांत खाली एक जाड, भरदार आवाज होता. बाकीचे सात श्वास घ्यायला थांबले तरी तो थांबत नव्हता. एकदा ऐकू आला की मग दुसरं काही ऐकूच येईना. डॉक्टर मान तिरकी करून ऐकत राहिल्या. गाणं संपलं.

“ओळखीचा वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी परकी बाई आहे.”

“होईल गं ओळख हळूहळू,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. चेहरा एकदम ढासळला, आणि त्या उठून काकूंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

“परत लावा,” त्या भाऊजींना म्हणाल्या.