शेवटचा दीड सेकंद

आईचं लढाऊ विमान डोंगराच्या दिशेने कोसळत होतं आणि आत आई बेशुद्ध होती. तरीही ती संध्याकाळी घरी आली, वरणभात जेवली आणि आता घरातल्या यंत्रसेवकाकडून मान शेकून घेत होती. हे घडलं कसं, ते अकरा वर्षांच्या ऋजुताला कळेना.

"जोरात वळण घेतलं की डोक्यातलं रक्त पायांकडे उतरतं," आई म्हणाली. "डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले, तर विमान आपलं आपणच वर चढत होतं."

"रक्षकामुळे," आजोबा म्हणाले. आईचे वडील भास्करराव याच 'रक्षका'वर (जमिनीशी होणारी टक्कर आपोआप टाळणाऱ्या यंत्रणेवर) वीस वर्षं खपले होते.

"पण डोंगर आलाय हे त्याला कसं कळलं?"

"त्याच्याजवळ सगळ्या मुलखातल्या चढउतारांचा नकाशा असतो. विमान कुठे आहे, किती वेगात, कोणत्या दिशेने चाललंय, हे पाहून तो क्षणोक्षणी एकच गणित करतो. आत्ता वर वळलो, तर डोंगर चुकेल का? उत्तर 'जेमतेम' आलं, की विमान सरळ करून वर खेचतो."

"आणि आज किती वेळ उरला होता?"

"दीड सेकंद," आई म्हणाली.

ऋजुता भडकलीच. "दीड सेकंद? आजोबा, आधीच का नाही खेचलं त्याने? आई गेली असती ना!"

आजोबा तिच्याकडे वळले.

"पहिला रक्षक आधीच खेचायचा. वैमानिक चांगले शुद्धीत, मुद्दाम दरीतून कमी उंचीवर उडत असायचे, आणि हा मध्येच विमान हिसकावून घ्यायचा. वैतागून ते त्याला बंदच करून ठेवत. माझ्या मित्रानेही, सोहोनीने, बंद केला. त्याच दिवशी त्यालाही अशीच अंधारी आली, आणि तो परतलाच नाही."



"म्हणजे मदत फार लवकर केली, तर ती नकोशी होते," ऋजुता हळूच म्हणाली.

"हो. माणूस स्वतः सावरू शकतो, तोवर यंत्राने हात लावायचा नाही. ते त्याच्या हातात उरलं नाही, की मग क्षणही दवडायचा नाही. ती वेळ नेमकी हेरायला मला सात वर्षं लागली."

"आई, तू कधी बंद केला होतास का?"

"नाही गं. तो विमानात आहे, हेच मी विसरले होते."

आजोबांनी चष्मा काढून पुसला.

"डोंगरातल्या रुग्णवाहिका-हेलिकॉप्टरांना बसवता येईल का हा?" ऋजुताने विचारलं.

"त्यांची चढण्याची रीतच वेगळी. गणित नव्याने मांडावं लागेल."

"किती अवघड आहे?"

आजोबांनी कोरा कागद पुढे ओढला आणि ते बाजूला सरकले. "बस इथे. आधी डोंगर काढ."