चौथ्या फोटोतला पांढरा ठिपका

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि तेव्हा शेजारी माझी आई होती. ती खोटं बोलत नाही. मी बोललोय, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र शोधतात. माझ्याकडे रात्र नाही. सगळं गेल्या वर्षी घडलं, दुपारी चारच्या सुमाराला.

तेव्हा मी फोटो छापायचो. जुन्या पद्धतीने, डार्करूममध्ये, निगेटिव्हवरून कागदावर. प्रदर्शनाच्या मोठ्या प्रिंटवर माझं घर चालायचं. निगेटिव्हवर धूळ बसली असेल तर प्रिंटवर तेवढाच पांढरा ठिपका उमटतो. तो बारीक ब्रशने, शाई टेकवून टेकवून भरायचा. ब्रशचं टोक ओठांत धरून नीट करायचं. त्यामुळे माझे ओठ कायम काळे. आईला वाटायचं, मी लपून सिगारेटी ओढतो. या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

फोटोवाल्या मॅडम एकवीस निगेटिव्ह घेऊन आल्या. दहा वर्षांपूर्वी जळालेल्या गिरणीचे. आगीनंतर त्या समोरच्या गच्चीवर जायच्या आणि रोज दुपारी चारला, एकाच जागेवरून, एकच फोटो काढायच्या. एकवीस दिवस.

मी ते काम घ्यायला नको होतं.

त्या गिरणीत माझा थोरला भाऊ होता.

घरात सगळे त्याला हिरो म्हणायचे. खिशात कायम एक कंगवा आणि छोटा गोल आरसा. दर तासाला भांग. लहानपणी मी लांब खेळायला गेलो की तो गच्चीवरून आरशाने माझ्या डोळ्यांवर ऊन पाडायचा. ती त्याची हाक. घरी चल, आई बोलावतेय.

आगीच्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं. कशावरून? एका शर्टावरून. या घरात परत पाऊल टाकणार नाही, म्हणून तो निघून गेला.

दुपारनंतर गिरणी पेटली.

हिरोच्या हजेरीच्या कार्डावर दुपारच्या सुट्टीत बाहेर गेल्याची वेळ होती, परत आल्याची नव्हती. गिरणीत एकमेकांची कार्डं मारायची सवय होती, आणि मारायला विसरायचीही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. अधिकाऱ्याने विचारलं, घरी काही झालं होतं का?

मी म्हणालो, "भांडून गेलाय. बसला असेल कुठेतरी. येईल."

त्याने आत अडकलेल्यांच्या यादीतल्या हिरोच्या नावावर रेघ मारली. तिसऱ्या दिवशी शोध थांबला. इमारत धोकादायक म्हणून दारांवर पत्रे ठोकले. महिन्याभराने यंत्रं लावून सगळी पाडली आणि राडारोडा भरून नेला.

आईने मात्र दाराची कडी लावणं सोडलं. परत येईल तेव्हा दार वाजवायला लाजेल, म्हणायची. दहा वर्षं आम्ही नुसतं दार लोटून झोपलो.

तर, मी छापायला घेतलं.

पहिले तीन फोटो स्वच्छ.

चौथ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या काळ्या खिडकीत... एक पांढरा ठिपका.

भरला. जेवून आलो.

ठिपका परत तिथेच होता.

वाटलं, शाई पातळ झाली असेल. पुन्हा भरला. हात धुऊन आलो तर पुन्हा पांढरा. निगेटिव्ह पुसून नवा प्रिंट काढला. त्यातही ठिपका. पाचव्या फोटोत तीच खिडकी, तोच ठिपका. सहाव्यातही.

धूळ इतकी शहाणी नसते.

सातवा छापत होतो. डार्करूमचं दार बंद, दारावर काळा पडदा, फक्त लाल दिवा. कागद ट्रेमध्ये टाकला...

आणि समोरच्या भिंतीवर ऊन पडलं.

बशीएवढं गोल ऊन. त्या खोलीत सुईएवढा उजेड यायला वाव नाही, मी स्वतः फटी बुजवल्यात. ते भिंतीवरून हळूहळू सरकलं. थरथरत होतं. माझ्या छातीवर आलं. मग थेट डोळ्यांवर.

मी डोळे मिटले. पापण्या आतून लाल दिसल्या.

उघडले तेव्हा काही नव्हतं. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं.

एवढ्या उजेडात ट्रेमधला कागद काळाठिक्कर पडायला हवा होता. तो व्यवस्थित निघाला. गिरणी, खिडक्या, आकाश. आणि ठिपका.

मग मी ते केलं जे पहिल्याच ठिपक्याला करायला हवं होतं. निगेटिव्ह भिंगाखाली धरलं. धूळ निगेटिव्हच्या वर बसते. हा ठिपका आत होता. म्हणजे तो उजेडच होता, त्या दिवशी त्या खिडकीतून कॅमेऱ्यावर आलेला.

गोल.

सगळी निगेटिव्ह पाहिली. चौथ्यापासून सतराव्यापर्यंत. दहाव्यापर्यंत तो खिडकीच्या मधोमध होता. पुढे खाली येत गेला. पंधराव्यात खिडकीच्या कठड्याला टेकला. सतराव्यात जेमतेम.

अठराव्यात खिडकी काळी.

चौदा दिवस. जिने जळून गेले होते. वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी होती. खाली रस्त्यावर दिवसभर ट्रक, तिथे कुणाची हाक कुणाला ऐकू येणार? पण समोरच्या गच्चीवर रोज चार वाजता एक बाई उभी राहायची. ती त्याला दिसत होती.

मी मॅडमना फोन केला. चौथ्या फोटोत खिडकीत काही आहे का, एवढंच विचारलं.

त्या म्हणाल्या, "तिथे काहीतरी चमकायचं खरं. फुटकी काच असेल. भरून टाका ना, नजर तिकडेच जाते."

मी त्यांना सांगितलं नाही. आईला तर नाहीच. तिच्याकडे एक न लावलेली कडी होती, ती मी कशी काढून घेऊ? आणि खरं सांगतो, मला माझीही भीती वाटली. 'येईल' असं मीच म्हणालो होतो.

ब्रशचं टोक ओठांत धरलं आणि चौदाही ठिपके भरले.

या वेळी एकही परत आला नाही. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आता लाज वाटते.

प्रदर्शनाला आई हट्टाने आली. तुला मोतीबिंदू, दिसणार काय, म्हटलं. ती म्हणाली, तुझं काम आहे ना, मग उभी राहीन समोर. दालनाला एकही खिडकी नव्हती. एकवीस फोटो एका ओळीत, आगीनंतरच्या एकेका दिवसाचा एकेक; एवढं मी आईला सांगितलं होतं. आई माझा दंड धरून चालत होती.

पहिला. दुसरा. तिसरा.

चौथ्यासमोर तिने कपाळावर आडवा हात धरला.

"धाकट्या, डोळ्यांवर ऊन येतंय रे."

मी फोटोकडे पाहिलं. खिडकी काळी होती. मी भरलेली.

"दिवा असेल, आई."

ती पाचव्याकडे गेली. कपाळावर हात तसाच. सहावा... सातवा... मी मनात मोजत होतो. पंधराव्यापाशी तिने हात जरा खाली घेतला, ऊन उतरल्यावर घेतात तसा. सोळावा. सतराव्यासमोर ती बराच वेळ थांबली.

अठराव्यापाशी तिने हात काढला.

"इथे थांबलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "किती दिवस, रे?"

दहा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याशी खरं बोललो.

"चौदा."

तिने मान हलवली आणि माझा दंड सोडला. बाकीचे तीन फोटो तिने पाहिले नाहीत.

घरी येऊन ती नेहमीसारखी जेवली, ताट घासलं. झोपायच्या आधी दारापाशी गेली आणि कडी लावली.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मी आता फोटो छापत नाही. पण रोज चार वाजता, आम्ही दोघं घरात असलो की भिंतीवर ते येतं... बशीएवढं, थरथरत. आईवरून ते सरळ पुढे जातं आणि माझ्या डोळ्यांवर येऊन थांबतं. आई ते बघते.

घरी चल, अशी ती हाक असायची. आता त्याला काय म्हणायचंय, ते मला कळत नाही.