पट्टीवरचे हात

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीवर गेल्या हिवाळ्यात हे ओढवलं. पटलं तर पटलं.

ताई लष्करात नर्स. तेव्हा ती सीमेवरच्या एका चौकीत होती. उपचारांची खोली म्हणजे जमिनीखालचा बंकर. भर दुपारी एक तोफगोळा दाराशीच पडला. दार ढिगाऱ्याखाली गेलं, दिवे गेले.

आत तिघी अडकल्या. ताई, रुग्णवाहिकेची ड्रायव्हर आणि वायरलेसवाली.

ड्रायव्हरच्या जांघेत लोखंडाचा तुकडा घुसला होता. आवळून बांधायला जागाच नाही. ताईने अंधारात पट्टीवर दोन्ही हात दाबून धरले. वायरलेसवालीचे पाय पलीकडच्या भिंतीशी तुळईखाली अडकलेले.

"सिस्टर, तुम्ही हात काढलात तर मी गेलेच ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"काढतेय कशाला? तू बोलत राहा."

तीन तास गेले. ड्रायव्हरचं बोलणं थांबलं. ताईची बोटं बधिर झाली.

आणि मग...

तिच्या हातांवर दोन हात आले.

थंडगार.

"तू सोड. मी धरते," एक बाई हळूच म्हणाली.

वायरलेसवाली सुटली असेल, असं ताईला वाटलं. तिने हात काढले. तिथेच तिचा डोळा लागला.

जाग आली ती हाकेने.

"सिस्टर... तुमच्याजवळ कोण बोलतंय?"

वायरलेसवाली. पलीकडच्या भिंतीशीच.

ताईने पट्टी चाचपली. ते हात तिथेच होते. दाबून धरलेले.

"मला इथे ठेवून जाणार नाहीस ना?"

अगदी कानाशी.

ताईने हात झटकन मागे घेतले. पण ड्रायव्हरचा जीव त्या हातांत होता.

"नाही जाणार," ती म्हणाली. "तू फक्त सोडू नकोस."

अंधारून आल्यावर जवानांनी ढिगारा उपसला. तिघी वाचल्या.

"चौथी कुठाय?" एका जवानाने विचारलं. "दुपारपासून चौघींचे आवाज येत होते."

त्यांनी बंकरचा कोपरा न् कोपरा पाहिला. कुणीच नव्हतं.

ताई रजेवर घरी आली. धड जेवत नाही. "मी तिला फसवलं," एवढंच म्हणते.

काल समजलं, तिने त्याच चौकीवर बदली मागून घेतलीय. आईने रडून पाहिलं. मी भांडून पाहिलं.

"अगं, तिथे कुणी नव्हतंच," मी म्हणाले.

"मग पट्टी कुणी धरली?"



सोमवारी ती निघतेय. बॅग मीच भरून देतेय.