विनीच्या हातचे चमचे

चांदीचं काम मी का सोडलं, हे तुम्ही आज विचारलंतच, म्हणून सांगतो. चारचौघांत सांगण्यासारखं नाही ते.

इंग्लंडातल्या कॉट्सवोल्डच्या टेकड्यांमधल्या आमच्या गावात सगळं हातानं घडवणारा एक कारखाना होता. यंत्राला तिथं थारा नव्हता. दंडक एकच: ज्याच्या हातून वस्तू घडली, त्याच्याच नावाचा ठसा तिच्यावर ठोकायचा. विनिफ्रेड पेग्लर माझ्या शेजारच्या ऐरणीपाशी बसायची. चमचे घडवावेत तर तिनंच. छातीच्या दुखण्यानं घरी बसली, तरी माडीवर ऐरण नि भट्टी मांडून ठोकत राहिली, आणि सप्टेंबरात गेली. कारखान्यात राहिलेले तिचे सहा चमचे मी माझा ठसा ठोकून लंडनच्या प्रदर्शनात माझ्या नावानं मांडले. लोकांनी वाहवा केली. मी ती मुकाट्यानं ऐकून घेतली.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिच्याकडची कारखान्याची हत्यारं आणायला मी तिच्या घरी गेलो. धुक्यात हात दिसत नव्हता. तिचा बाप, दगडखाणीत डोळे गमावलेला म्हातारा पेग्लर, चुलीपाशी एकटाच बसला होता. ओल्या लोकरीचा वास येत होता. आणि वर माडीवर हातोडी चालली होती. टक्... टक्... टक्...

"वर कोण आहे?"

"आंधळ्याला विचारतोस होय?" म्हातारा म्हणाला. "सकाळपासून चाललंय. बस. तुझ्या चमच्यांचं फार कौतुक ऐकतोय. आहे एखादा जवळ?"

होता. प्रदर्शनातून परत आल्यापासून एक मिरवायला जवळच बाळगायचो. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. एकदा. मग पुन्हा, सावकाश.

"ह्युबर्ट, कुणी घडवला हा?"

"मी."

वरची हातोडी थांबली.

म्हाताऱ्यानं मान वर केली. "बघ... ऐकलं तिनं."

भीती वाटायला हवी होती. पण आधी कानशिलं तापली ती शरमेनं. "विनीनं घडवला," मी कसाबसा म्हणालो. "सहाही तिचेच. नाव तेवढं... मी माझं घातलं."

"मला काय सांगतोस? वर जा. तिला सांग."

जिना चढलो. खिडकी बंद, गादी गुंडाळलेली, भट्टीतली राख थंडगार. ऐरणीवर एक अर्धामुर्धा चमचा होता. उचलला, तर ऊन लागला.

"विनी... चुकलो," मी म्हणालो.

हत्यारं न घेताच खाली आलो. म्हाताऱ्यानं त्याच्याकडचा चमचा परत दिला नाही, मीही मागितला नाही. दुसऱ्याच दिवशी प्रदर्शनवाल्यांना पत्र धाडलं. त्यांनी विनीचं नाव छापलं. कारखान्यात माझ्याशी कुणी बोलेना. बरोबरच होतं त्यांचं.

एक गोष्ट मात्र मी पत्रातही लिहिली नाही, म्हाताऱ्यालाही सांगितली नाही. तो ऊन चमचा मी उलटून पाहिला होता. दांड्याच्या पाठीवर माझ्या नावाची दोन अक्षरं ठोकलेली होती, नुकतीच, कडा अजून बोटाला लागत होत्या. ती अक्षरं ठोकायचा माझा ठसा जगात एकच होता, आणि त्या वेळी तो माझ्या जाकिटात होता.