तीन महिने पुरे होईतो

यिलानला पाऊस इतका पडतो की त्याची कोणी दखलही घेत नाही. त्यामुळे आरोग्य केंद्राच्या दारात एक उंच तरुण रेनकोटातून पाणी निथळत उभा राहिला, तेव्हा तिथल्या नर्स पेइ-चुनने आधी पाहिलं ते नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे.

"तिथेच थांबा," ती म्हणाली.

तो थांबला. अगदी एक पाय वर धरून थांबला. पेइ-चुनला हसू आवरेना... आणि ती फसली तिथेच.

चाओ-रेन त्याचं नाव. घरची पातीच्या कांद्याची शेती. ते स्वाइन फ्लूच्या साथीचं साल. नवी लस आली होती आणि गरोदर बायकांना ती आधी द्यायची होती. पेइ-चुन सुया मांडून बसायची, पण बायका फिरकायच्या नाहीत. टीव्हीवर रोज कोणी ना कोणी लशीच्या नावाने खडे फोडत होतं. चुकून एखादी आलीच, तर सासूबाईंना विचारून येते म्हणायची आणि जायची ती परत यायचीच नाही. चाओ-रेनला मात्र भारी चौकशा. बाळाला बाधेल का? ताप येतो का? कोणासाठी विचारताय म्हटलं, की "आहे एक ओळखीतलं" म्हणून नजर चुकवायचा.

दुसऱ्या दिवशी नव्या प्रश्नासोबत पातीची जुडी आली. तिसऱ्या दिवशी पातीच्या गरम पोळ्या आल्या. एवढ्या शंका तर पोटुशीलाही येत नाहीत, असं म्हणून थोरल्या सिस्टर तिला चिडवू लागल्या. ओळखीतलं वगैरे कोणी नाही, हा आपल्यासाठीच येतो, असं पेइ-चुनने मनाशी ठरवून टाकलं. तिचा अंदाज निम्मा बरोबर होता.

एका शनिवारी दुपारी दोघं केंद्राच्या वळचणीला पोळ्या खात उभी होती.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"तुझे प्रश्न कधी संपतात?"

"समज, तुझं लग्न झालंय. आमच्यासारख्या घरात. आणि तुला... दिवस गेलेत. आई लस नको म्हणतेय. तू घेशील?"

पेइ-चुनचे कान तापले. या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ होतं. घेईन, आणि सासूबाईंनाही सोबत घेऊन येईन! पण त्या दुपारी तिच्यातली नर्स जागेवर नव्हती. 'आमच्यासारख्या घरात' एवढंच तिला ऐकू आलं होतं, पुढचं काही नाही.

"सासूबाई म्हणतील तसं," ती मान खाली घालून म्हणाली. "मी काही त्यांच्या शब्दाबाहेर जायची नाही."

तो सुटल्यासारखा हसला. तिच्या ओठाला चिकटलेला पोळीचा कण त्याने बोटाने हळूच टिपला.

त्यानंतर त्याचे प्रश्न थांबले, पण येणं थांबलं नाही. बंदराकडे फिरणं, स्कूटरवर मागे बसताना त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात... तीन आठवडे पेइ-चुनचे पाय जमिनीवर नव्हते. मग एकाएकी तो यायचा बंद झाला. आधी ती रुसली, मग घाबरली.

पंधरा दिवसांनी आला तो ओळखू येईना. डोळे खोल गेले होते. बाकावर बसून त्याने एका दमात सांगितलं. ओळखीतलं म्हणजे त्याची थोरली वहिनी. पोटुशी बाई घरात असली की गर्भदेवही घरात वस्तीला असतो. म्हणून भिंतीत खिळा ठोकायचा नाही, अंथरुणावर सुई न्यायची नाही आणि तीन महिने पुरे होईतो बाहेर चकार शब्द काढायचा नाही. आई सुईला बिचकत होती, भाऊ लस घे म्हणत होता आणि वहिनी दोघांच्या मध्ये सापडली होती. शेवटी चाओ-रेनने घरी जाऊन सांगितलं, की खुद्द सिस्टर म्हणते, ती सासूचंच ऐकेल. वाद मिटला. तीन आठवड्यांनी वहिनीला ताप भरला. नऊ दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. वहिनी वाचली. बाळ गेलं.



"घरात खरंच कोणी आहे, हे मला का नाही सांगितलंस?"

"तीन महिने व्हायचे होते."

"मला वाटलं, तू मला मागणी घालतोयस."

"घालतच होतो," तो म्हणाला. "दोन्ही एकदमच विचारलं मी. शहाणपणा केला."

"मी रोज बायकांना उलटं सांगत होते, चाओ-रेन. फक्त तुला तसं म्हणाले. तू आवडतोस म्हणून... तुझ्या आईला आवडेन म्हणून."

"आवडलीस तू तिला. अशीच सून हवी म्हणते. घरी घेऊन ये म्हणालीय."

"आणि वहिनी?"

"भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. बोलत नाही." तो हाताच्या नखांकडे बघत राहिला. "येशील?"

हो म्हणायला तिचा जीव तुटत होता. इतकं प्रेम तिने आजवर कोणावर केलं नव्हतं, आणि ते तिने त्याला सांगितलंही.

"पण वहिनींच्या समोर बसून मला घास गिळवणार नाही," ती म्हणाली. "नाही येणार मी."

चाओ-रेन उठला, रेनकोटाची बटणं लावली. त्याने आग्रह केला नाही. एकदा तरी करेल, असं तिला वाटलं होतं.