चौदा तासांची लोकर

वाऱ्यानं दार ढकललं नि त्याच्यासोबत मलाही. लोकरीचं दुकान होतं ते. काउंटरमागं एक तरुण चक्क स्वतःच विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "दार लावून घ्या हो, लोकरीचे गुंडे पळतात."

"मला चौदा तासांची लोकर हवीय."

आता मात्र त्याची मान वर झाली. "लोक वजनावर मागतात!"

"विमानात झोप येत नाही मला. सुटल्यापासून उतरेपर्यंत पुरली पाहिजे."

"जायचंय कुठं?"

काउंटरवरच्या पृथ्वीच्या गोलावर मी बोट ठेवलं. त्यानं निळा धागा आमच्या शहरापासून माझ्या बोटापर्यंत ताणला. धागा समुद्र सोडून वर वर सरकला, पार बर्फाच्या टोपीकडे...

"अगंबाई, एवढा वळसा?"

"हाच जवळचा रस्ता. कागदाच्या नकाशावर तो वाकडा दिसतो, एवढंच. तरी बारा हजार किलोमीटर. जाताना वारा समोरून, म्हणून चौदा तास. येताना तोच पाठीशी – बारा तासांत घरी!"

"येतानाचं कुणाला ठाऊक? परतीचं तिकीटच नाही काढलं. नोकरी आवडली तर तिथलीच होईन."

धागा त्याच्या बोटांतून सैल झाला. तो पुन्हा गुंडाळत म्हणाला, "तुमचा वेग कळल्याशिवाय हिशेब कसा करू? विणून दाखवा."

निघायला आठवडा होता. मग रोज संध्याकाळी मी वेग दाखवायला जाऊ लागले. आतून त्याची आत्या ओरडायची, "अरे, अंगाचं माप घेतात ऐकलं होतं. हे बोटांचं कुठनं काढलंस?" त्याचे कान लालेलाल!

"वेग रोज कमी होतोय तुमचा."

"कुणीतरी टक लावून बघतं ना..."

शेवटच्या दिवशी त्यानं पुडकं हातात ठेवलं. हलकं लागलं.

"अहो, ही निम्म्या वाटेतच संपेल!"

"मुद्दामच कमी दिलीय." तो पृथ्वी उगाच फिरवत राहिला. "लोकर रंगवताना एका हंड्यातला रंग दुसऱ्या हंड्याशी कधीच जुळत नाही. या हंड्यातली उरलेली लोकर वरच्या फळीवर ठेवलीय. कुणाला विकणार नाही."

"आणि मी आलेच नाही तर?"

"नोकरी आवडली तर राहा, खुशाल राहा. पण एकदा... वारा पाठीशी घेऊन ये."

ये! पहिल्यांदाच तो असं बोलला होता. पुडकं छातीशी धरून मी निघाले. दार मात्र या खेपेला मी स्वतःच, अगदी हळू लावलं.

विमानाच्या खिडकीखाली बर्फच बर्फ पसरला होता, तेव्हा लोकर संपली. तिथंच टाके बंद केले असते तर छोटासा, नेटका गळपट्टा झाला असता. शेजारच्या आजी म्हणाल्याही, "झाला की गं पुरा!"

"नाही, आजी," मी म्हणाले. "अजून परतीच्या बारा तासांचा बाकी आहे."

आणि टाके तसेच सुईवर ठेवून मी मफलर गळ्याशी घेतला. आश्चर्य म्हणजे, मला झोप लागली.